मोडक्या कानाचा पैलवान घेऊन तळेघरला

आक्या, तू हे वाचणार नाहीस, मला माहीत आहे. हे पान तूच मला काढून दिलंस आणि त्याचा पासवर्ड तूच विसरलास. परवा अमेरिकेतून फोन करून मंदाला विचारत होतास. मंदा म्हणजे ओतूरच्या एसटी स्टँडसमोर कॅफे चालवते ती. मी बोलते, ती बटणं दाबते. तेव्हा बाकीच्या वाचकांनो, तुम्हीच ऐका. आणि विसरभोळे तुमच्यातही असतीलच, तर आधी चष्मा कपाळावर आहे का तेवढं चाचपून घ्या.

माझ्या घरी टीव्हीशेजारच्या काचेच्या कपाटात पैलवान राहतात. वितीएवढे, प्लास्टिकचे. हातात बोटं उघडी असलेले मोजे, अंगावर आखूड चड्डी, पाय अनवाणी. हा माझ्या नातवाचा, अक्षयचा नाद. तिकडं म्हणे जाळीच्या पिंजऱ्यात कुस्ती होते. गुद्दा चालतो, लाथ चालते, मान आवळलेली चालते, आणि तिथल्या नावाजलेल्या गड्यांच्या या बाहुल्या निघतात. लहानपणी सुट्टीला आला की हाच पोरगा कुस्तीवाल्यांची कार्डं जमवायचा आणि मळ्यातल्या पेरूखाली बसून पोरांशी अदलाबदल करायचा. कार्डं गेली, बाहुल्या आल्या. त्याच्या खोलीत जागा नाही म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याच्या बॅगेतून एकेक पैलवान माझ्याकडे मुक्कामाला येतो. वर फोनवर हुकूम: "आजी, खोकं फोडायचं नाही हं. सील तुटलं की किंमत गेली." दिवाळीला येऊन घेऊन जातो म्हणाला. दिवाळी झाली, संक्रांत झाली. मी आपली काच पुसते.

मागच्या चैत्रात एक आला आणि माझा हात पुसतापुसता थांबला. मान खांद्यात रुतलेली, छाती घडवंचीसारखी, आणि उजवा कान मोडलेला. वाळल्या अंजिरासारखा गोळा झालेला. बाहुली करणाऱ्यानं कानसुद्धा सोडला नव्हता. आमचे हेही, आक्याचे आजोबा, पैलवान होते. आखाड्यात घासून घासून त्यांचाही एक कान असाच झाला होता. पण त्यांचा लंगोटातला एक फोटो नाही. भिंतीवर आहे तो म्हातारपणचा, फेट्यातला, आणि दोन्ही कान फेट्याच्या आत.

तर मी याला कपाटात पुढं उभा केला. संध्याकाळी भाकरी टाकताना म्हणायचे, जेवणार का आत्ता, की थांबणार? बोलायला दुसरं कोण आहे घरात! पण वर्ष झालं आणि एक दिवस धसका बसला. डोळे मिटले की त्यांचा चेहरा येईना, बाहुलीचाच येऊ लागला. म्हटलं, ज्यानं त्यांना ऐन उमेदीत बघितलं अशा एखाद्यानं तरी बघून सांगावं, की होय, असेच होते. मग बाहुलीचा चेहरा आला तरी चालेल.

तसा एकच माणूस उरला होता. गेनू पैलवान. आंबेगावच्या जत्रेत आमच्या यांच्याशी लढलेला गडी. पोखरीचा घाट चढून तळेघरच्या अलीकडे त्याची वाडी. आमच्या बाजाराला हिरड्याचा एक व्यापारी येतो, तो म्हणाला, म्हातारा आहे अजून, पण दिवस मोजतोय. मग मी थांबले नाही. खोकं पिशवीत घातलं, दाराला कुलूप लावलं. किल्ली शेजारी द्यायला गेले तर ते लग्नाला गेलेले. किल्लीही घेतली बरोबर.

ज्यांना या वाटेनं जायचं त्यांच्यासाठी सांगते. ओतूरहून सकाळची गाडी धरून आळेफाट्यावरनं नारायणगाव, तिथनं मंचर, आणि मंचरला भीमाशंकरची गाडी. सोमवार आणि श्रावण टाळा, नाहीतर देवाच्या गर्दीत उभ्यानं जाल. म्हाताऱ्यांनी मतदानाचं कार्ड जवळ ठेवावं, अर्ध्या तिकिटात काम होतं.

कंडक्टर म्हणाला, "आजी, वय किती?"

"कार्डावर बघ की. मला विचारशील तर कमी सांगीन."

"आन् खोक्यात काय हाय?"

"पैलवान."

"मंग त्याचं तिकीट?"

"तो उभ्यानं येतोय बाबा. बसायला जागा मागितली का त्यानं?"

मागचे लोक हसले. गाडीत हसणारी माणसं असली की रस्ता बरा जातो. नारायणगावात उतरून मिसळ खाल्ली. दही मागून घ्या, नाहीतर मंचरपर्यंत तोंडानं वारा ओढत बसाल. रस्त्यावर टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेले टेम्पो उभे होते. एकटीनं मिसळ खाताना समोरची खुर्ची रिकामी दिसते, तिच्यावर मी खोकं ठेवलं. हॉटेलातल्या पोऱ्यानं त्याच्यापुढेही पाण्याचा ग्लास ठेवला. गिऱ्हाईक कोण, याची पंचाईत त्याला नव्हती.

मंचरच्या गाडीत शेजारी एक बाई बसली. हातात बेलाची पुडी.

"देवाला निघालाव्हय मावशी?"

"नाही. एका पैलवानाला दुसरा पैलवान दाखवायला."

बाई जरा सरकून बसली. येडी समजलं की जागा ऐसपैस मिळते, हा फुकटचा सल्ला लिहून ठेवा.

घोडेगावात गाडी थांबते. तिथं केळी आणि पेढे घेतले, रिकाम्या हातानं कोणाच्या दारात जायचं नसतं. डिंभ्याच्या पुढं घाट लागतो. उजव्या हाताची खिडकी धरा, धरणाचं पाणी दिसतं. उन्हाळा होता, पाणी पार खाली गेलेलं, काठाला तडकलेला चिखल. जुनं आंबेगाव त्या पाण्याखाली आहे. ज्या मैदानात हलगी वाजली, पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागल्या, नि शेवटी हे दोघं ऊन उतरेपर्यंत एकमेकांच्या माना धरून फिरले, ते मैदानही तिथंच. मी तेव्हा नवी नवरी. पदराआडून धुळीशिवाय काही दिसलं नव्हतं. आता खिडकीतून पाण्याशिवाय काही दिसेना.

फाट्यावर उतरून वाडीपर्यंत चढ आहे, काठी असू द्या. करवंदं पिकली होती. गेनूच्या अंगणात हिरडा वाळत घातलेला, आणि त्याची सून हिरा तो हातानं सारखा करत होती. ओसरीवर म्हातारा भिंतीला टेकून बसलेला. हाडांचा सापळा, पण हाडं रुंद. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पांढरे झालेले.

"कोण हाय गं?"

"ओतूरच्या बाई आल्यात आबा, तुमाला भेटाया."

"कोणाची?"

आता आली पंचाईत. आमच्या वेळच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी म्हटलं, "आंबेगावच्या जत्रेत तुमच्याशी लढले बघा. ढाकेचा डाव मारायचे. पंचांनी बरोबरीत सोडवली."

म्हातारा भिंतीपासून सुटून ताठ झाला. "किसन? किसन पैलवानाची कारभारीण का तू? हात् तिच्या मारी! किसन! ऐकलं का गं हिरे, किसनच्या घरचं मानूस आलंय!"

मी पिशवी ओसरीवर टेकवली. माझ्या घरात ते नाव आता फक्त लाइटबिलावर येतं, आणि ते मला वाचता येत नाही. इतक्या दिवसांत कोणी ते मोठ्यानं हाकारलं नव्हतं.

"कसा हाय त्यो?"

"गेले. दोन पावसाळे झाले."

"मला कुनी सांगितलं न्हाई वैनी." म्हणाला, आणि हातानं जमीन चाचपू लागला. हिरानं कोरा चहा आणला.

मग मी खोकं काढलं. कशाला आले ते सांगितलं. त्यानं दोन्ही हातांनी खोकं घेतलं, प्लास्टिकवर टिचकी मारली.

"ही तर काच हाय. गडी कुटंय?"

"आत आहे. खोकं फोडायचं नसतं म्हणे. किंमत जाते."

"वैनी, मला डोळं न्हाईत. गडी धरल्याबिगर कळंल का?"

आक्या, इथं तुझा आवाज कानात आला, खोटं बोलत नाही. खोकं परत पिशवीत घालून मला उठता आलं असतं. पण मग कपाटातला तो कोण, हे मला मरेपर्यंत कळलं नसतं. मी हिराला म्हटलं, "विळा आण गं."

विळ्यानंही ते सहजी फुटेना. फुटलं तर आत बिचारा तारांनी पुठ्ठ्याला जखडलेला. मान, दंड, पाय, सगळीकडे तार. वर्षभर मी त्याला जेवणार का म्हणून विचारत होते, आणि हा बांधलेला!

गेनूनं बाहुली हातात घेतली आणि त्याची बोटं एकदम तरणी झाली. मानेवर अंगठा दाबला. दंड वळवला, मांडी मोजल्यासारखी चिमटीत धरली. "मान बराबर हाय," म्हणाला. "खांदं बराबर." माझा जीव त्या अंगठ्याखाली. मग बोट कानावर गेलं आणि थांबलं. पुन्हा दुसऱ्या कानावर गेलं, पुन्हा पहिल्यावर आलं.

"ह्यो किसन न्हाई."

"असं कसं? कान बघा की."

"कानच बघतोय. ह्याचा उजवा मोडलाय. किसनचा डावा व्हता. म्याच मोडलाय, मला इच्यारा! त्याचं डोस्कं माझ्या बगलंत व्हतं, दुपार कलंडंस्तवर." आणि त्यानं स्वतःचं तोंड उन्हाकडे फिरवलं. "आन् ह्यो बघ. उजवा. ह्यो किसननं मोडला."

मी वाकून बघितलं. तोच अंजीर. तीच घडी. बाहुलीचा कान आणि म्हाताऱ्याचा कान, दोन्ही एकाच मापाचे.

"म्हंजी ह्यो मी हाय की वैनी!"

मी पदर तोंडात कोंबला. वर्षभर मी ज्याला जेवायला विचारलं, ज्याच्यापुढं उन्हाळ्यात पंखा फिरवला, तो आमच्या यांचा दुश्मन! हिरा हसली, म्हातारा हसला, खोकला लागेपर्यंत हसला. मी हसत होते त्याचं मधेच रडू कधी झालं ते त्याला दिसलं नाही, एवढं बरं. हिरानं बघितलं, आणि ती हिरडा सारखा करायला वळली.

परतीची गाडी सकाळचीच, म्हणून मुक्काम केला. नाचणीची भाकरी, ठेचा आणि सुकटाची चटणी. जेवताना गेनूनं ती कुस्ती पहिल्यापासून सांगितली, मधे दोनदा डाव चुकवले आणि स्वतःच दुरुस्त केले. प्रत्येक डावाला "मंग किसन काय करतो..." म्हणायचा. मी भाकरी मुद्दाम सावकाश खाल्ली. सकाळी निघाले तर म्हातारा ओसरीवर निजलेला आणि पैलवान मुठीत. हिरा तो मुठीतून सोडवायला गेली, मी म्हटलं, "राहू दे. ज्याचा त्याच्याकडे गेला." फाटलेलं खोकं तेवढं घेऊन आले.

गाडीत परत येताना कोडं सुटलं. आमचे हे त्या मोडक्या कानानं कमी ऐकायचे. मी बोलायला लागले की हातातलं काम सोडून उजवा कान माझ्याकडे करायचे. आणि मी बोलायची लई. म्हणजे जन्मभर मला त्यांचा उजवा कानच दिसत राहिला. चांगला तो माझ्या वाट्याला होता, मोडका दुनियेकडे. म्हणून माझ्या ध्यानात उजवाच राहिला आणि मोडलेपणही त्यालाच चिकटलं. धरणाचं पाणी आता डाव्या खिडकीत होतं. डोळे मिटले तर चेहरा काही आला नाही. पण कान आला. नीट, न मोडलेला, माझ्याकडे वळलेला.

घरी आले, कुलूप काढलं. रिकामं खोकं कपाटात पुढंच उभं केलं. संध्याकाळी भाकरी टाकताना सवयीनं बोलले आणि बघितलं तर आत तारा लोंबतायत. पण बोलणं पुरं केलं. ऐकणाऱ्याचा कान आता ठाऊक आहे मला.

तर आक्या, पासवर्ड सापडला असला तर वाच. तुझ्या एका पैलवानाची किंमत गेली. दुसरा पाठवणार असशील तर डावा कान मोडलेला बघ, खोक्याशिवाय मिळाला तरी चालेल. आणि येशील तेव्हा येशील, तोवर येणाऱ्याच्या बॅगेत बदाम दे. मागच्या वेळी पाठवलेस तसे खारवलेले नको, साधे. गेनू म्हणाला, आखाडा सुटल्यापासून बदाम चाखला नाही. दोन पुड्या कर. त्याची मी हिरड्यावाल्याबरोबर वर धाडीन. माझी मोठी बांध. मला चावत नाहीत, पण रात्री भिजत घालीन आणि सकाळी उगाळीन, जशी पूर्वी यांच्यासाठी उगाळत होते.