एका कोयत्याची दोन माणसं

परतीची वाट तयार असल्याशिवाय आयुष्यात एकही बदल न करणारे गृहस्थ अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच असतील, आणि ते म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. मिशी काढायची ठरवली तेव्हा काकांनी आधी स्टुडिओत जाऊन मिशीसकट फोटो काढून घेतला; पुन्हा ठेवायची झालीच तर नमुना हवा. मावशीनं स्वयंपाकघरातले डबे दुसऱ्या फळीवर मांडायला काढले, तर जुन्या फळीवर प्रत्येक डब्याभोवती खडूनं गोल काढल्यावरच त्यांनी ते हलवू दिले. मावशी म्हणायची, "लग्नात तेवढी परतीची सोय ठिवली न्हाई ह्यांनी, न्हाईतर मी कवाच माहेरी असते." काका हसायचे नाहीत. चूक झाली खरी, असा चेहरा करायचे.

कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात ते होते. काळ्या पडद्यावर हुकूम टाईप करायचे ते नव्वदीतले दिवस. सभासद, वजन, ऊसतोड, सगळं तक्त्यांत भरलेलं. आणि तक्त्याची घडण कुणी हातानं बदललेली काकांना खपत नसे. त्यासाठी त्यांनी स्वतः एक प्रोग्राम लिहिला होता, त्याचं नाव 'जिना'. प्रत्येक बदल म्हणजे एक पायरी. 'जिना वर' टाईप केलं की तक्ता नवी घडण घ्यायचा, 'जिना खाली' म्हटलं की पुन्हा होता तसा. आधी तक्त्याच्या नकलेवर चढायचं, उतरायचं, परत चढायचं, आणि मगच खऱ्या तक्त्याला हात. एक रकाना रुंद करायचा तरी साहेब लोक ताटकळत बसायचे.

मी त्यांच्या वाटेला गेलो तो पत्रकं वाटणारा कार्यकर्ता म्हणून. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. कारखान्याच्या तक्त्यातही एक कोयता, एक ओळ, एक नाव, आणि ते पुरुषाचं. बाई दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरून ट्रॉलीत चढवते, आणि कागदोपत्री ती जन्मालाच आलेली नसते. ही सरळ चोरी आहे. मी तेव्हा तसंच छापलं होतं आणि आजही तेच म्हणतो. पाथर्डीकडच्या कौसाबाईचा नवरा आदल्या हंगामात ट्रॉली उलटून गेला. आता ती सासूबरोबर तोडायला तयार होती, पण तक्त्यात पुरुषच लागतो म्हणून मुकादम तिचं काम दिराच्या नावावर टाकायला निघाला. म्हणजे मजुरीही दिराच्याच हातात. तिनं तोंडावर सांगितलं, "माजं नाव लावा, न्हाईतर मी उसात उतरत न्हाई."

आम्ही कारखान्याच्या फाटकात ठिय्या दिला. माणसागणिक वेगळी ओळ करायचं साहेबांनी मान्य केलं, आणि घोडं अडलं ते काकांपाशी.

"चढायला येतंय रे," ते म्हणाले. "उतरताना दोन ओळींची पुन्हा एक करायची, मग एक नाव कुठं टाकू?"

"टाकूच नका. उतरायचंच कशाला?"

"पायरी हाय म्हनल्यावर उतरता आलं पायजे."

टोळ्या येऊन पडल्या होत्या, गाळप तोंडावर आलं होतं, आणि हे नकलेवर चढ-उतार करत बसलेले. मी त्यांना कारखान्याचा हस्तक म्हणालो, तेही त्यांच्याच घरी, मावशीनं वाढलेल्या ताटावर बसून. "भाकरी घे अजून एक," काका म्हणाले.

शेवटी उतरायची पायरी लिहून झाली आणि काकांनी 'जिना वर' टाईप केलं. कौसाबाईला तिच्या नावाची तोडणीची चिठ्ठी मिळाली. ती मुकादमाला दाखवून उसात उतरली.

महिना झाला नसेल, मुकादमांची कुरकुर ऐकून शेतकी अधिकारी आले. "मागं घ्या ते सगळं. एक कोयता, एक नाव."

"घेऊ की. सोय केलेली हाय," काका म्हणाले आणि स्वतःची खुर्ची त्यांना दिली. पडद्यावर पहिली जोडी आली, नवऱ्याचं नाव, बायकोचं नाव, आणि खाली प्रश्न: कोणाला काढू? कोणाच्या हुकमानं?

"हे आपोआप होत नाही का?"

"हुतं की साहेब. पन कोनाला काढायचं ते यंत्राला कसं कळावं? तुमी नाव सांगा, हुकूम म्हनून तुमचं नाव घाला, की पुढची जोडी यील."

खिडकीबाहेर बाया चिठ्ठ्यांसाठी उभ्या होत्या. साहेबांनी एक बोट बटणावर ठेवलं, जरा वेळ तसंच ठेवलं, मग चहा मागवला. चहा पिऊन ते "नंतर बघू" म्हणून उठले, आणि हंगाम संपला तरी फिरकले नाहीत. त्या हंगामाची मजुरी कौसाबाईनं स्वतःच्या हातात घेतली.

पुढच्या हंगामाला ती आली नाही. भावाकडे राहिली असं कुणी म्हणालं, कर्नाटकातल्या कारखान्यावर गेली असंही कुणी म्हणालं. न आलेल्या मजुरांच्या ओळी काढून तक्ता हलका करा, असा दरवर्षी हुकूम निघायचा. काका तो चोख पाळायचे. तिची ओळ मात्र राहायची. पुढं हजेरी नाही, वजन नाही, नुसतं नाव.

एकदा मी म्हणालो, "काढून टाका की, काका. आली तर पुन्हा भरता येईल."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला.

"भरता यील रे," ते म्हणाले. "पन ती दारात येऊन उभी राहिली, आनि भरून हुईस्तवर तिला थांबावं लागलं तर?"