मधल्या भिंतीतली वायर

वाटणीनंतर मुरबाडच्या आमच्या घरात मधोमध भिंत उभी राहिली. धाकटा भाऊ आणि मी बोलत नव्हतो, पण आईच्या आग्रहाने केबलचं इंटरनेट दोघांत एकच घ्यायचं ठरलं. माझ्याकडे दोन कॉम्प्युटर होते, त्याच्याकडे एक.

केबलवाला धसईकडचा होता. नाव मी विचारलं नाही. ड्रिल लावण्याआधी तो भिंतीवर टिचकी मारून कान लावायचा. राउटर माझ्या बाजूला बसवून त्याने भोक पाडलं आणि वायर पलीकडे सरकवली. पलीकडून भावाने ती ओढली.

"पुरली का, विचारा त्याला," मी केबलवाल्याला म्हणालो.

त्याने हातातलं ड्रिल खाली ठेवलं. "तुमीच विचारा ना दादा. माजा भाऊ गेला तवा मला शेजाऱ्यानं येऊन सांगितलं. आमच्यात पण एकच भिंत होती."

मी विचारलं नाही.

दोन महिन्यांनी परसातल्या फणसावरून वाद झाला आणि रागाच्या भरात मी राउटरमधून भावाची वायर उपटली. चार दिवसांनी तोच केबलवाला भावाकडे वेगळं कनेक्शन जोडून निघाला, तेव्हा मी ओटीवर होतो.

"ती वायर खराब निघाली," मी उगाचच म्हणालो.

"नाय दादा, वायर चांगली होती," तो म्हणाला आणि शिडी खांद्यावर घेऊन चालू लागला.

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता, तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.