जहाज दिसते, ट्रक दिसत नाही

समुद्रापासून शेकडो कोस दूर, आंधळगावात बसून मी समुद्रावर नजर ठेवतो, असं सांगितलं की लोक माझ्याकडे विचित्र पाहतात. पण नोकरीच तशी आहे बाप्पा. मुंबईची कंपनी, घरून काम. कोणतं जहाज कुठे आहे, कोणत्या बंदराबाहेर ताटकळलं आहे, ते सगळं उपग्रहावरून स्क्रीनवर येतं. त्यावरून कोणाचा माल कुठे अडला ते ताडायचं अन् व्यापाऱ्यांना विकायचं. म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकावायचा पगार.

माझ्या दादाची राइस मिल आहे. यंदा त्याचा तांदूळ पहिल्यांदाच जहाजाने आफ्रिकेला जाणार होता. माल वेळेवर आला नाही तर पुन्हा दारात उभं करणार नाही, असं काकीनाडा बंदरावरच्या दलालाने त्याला बजावलं होतं. दादाने ट्रक रवाना केला अन् नेमक्या मंडया लागल्या. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, जत्रा; दिवाळीनंतर आमच्याकडे ती गावोगाव भरते, अन् तिथे जावई, भाचे, डायवर, सगळ्यांना हजर राहावंच लागतं. आमचा डायवर तांदळासकट आपल्या गावी दंडारीचं नाचगाणं पाहायला वळला. फोन बंद.

इकडे माझ्या स्क्रीनवर ते जहाज बंदराबाहेर नांगर टाकून उभं. त्यात जाणारा बराचसा तांदूळ आमच्याच पट्ट्यातला, अन् बहुतेक ट्रकांचे डायवर मंडईत. कंपनीच्या हुशार मंडळींनी अहवाल काढला की खरेदीदार भाव पडायची वाट पाहत आहेत. काय डोंबल वाट पाहत आहेत! मी साहेबांना फोन करून खरं कारण सांगितलं.

“मंडईचा कॉलम नाही आपल्याकडे,” साहेब म्हणाले. अहवाल तसाच गेला.

दादा सारखा माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राही.

“हाये ना अजून?”

“हाये.”

“मंग काही टेन्शन नाही.”

त्याचा तो भरवसा पाहून मलाच धडकी भरायची.

शेवटी एकदाचा डायवरचा फोन लागला. “मालक, निघूनच राहिलो,” तो मजेत म्हणाला. दादाने फोन ठेवला अन् त्याच वेळी स्क्रीनवर जहाजाचा बाण हलला. थोडे ट्रक पोचले होते, तेवढाच माल पडावांतून चढवून ते निघालं होतं. दलालालाही बहुतेक अजून पत्ता नव्हता. मला होता, अन् त्याचा काडीचा उपयोग नव्हता. खरं सांगतो, रडू येत होतं.

“दादा, जहाज निघालं,” मी म्हणालो.

त्याने स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“दिसून राहिलं ना तुले?”

“हो.”

“मंग थांबव ना त्याले.”