दोनदा चुकलं की थांबा

घाटकोपरच्या आमच्या वस्तीतल्या दवाखान्यात नाव नोंदवायचं मशीन बसवलं, त्या दिवसापासून रांगेची वाट लागली. माणूस बोटाने सगळं भरणार, आणि पडद्यावर लाल अक्षरं येणार: ‘नोंदणी अयशस्वी. पुन्हा प्रयत्न करा.’ अरे, पण चुकलं काय? ते नाही सांगणार. तीनदा चुकलं की तुमचा मोबाईल नंबर दिवसभर बंद. अंगात ताप असो नाहीतर पोटात कळा, उद्या या.

हे कोडं सोडवलं वनमालामावशींनी. मालवणकडच्या, सातवी शिकलेल्या. ठेकेदाराकडून तिथे झाडू-लादी करायच्या. पगार कमी, पण घर दोन गल्ल्यांवर. नवरा दत्ताराम लकव्याने खाटेवर. एक वाजता धावत जाऊन त्याला पेज भरवायची आणि परत यायचं, एवढ्यासाठी हे काम धरलेलं.

लादी पुसता पुसता मावशींनी हेरलं. नाव विचारलं की आपली माणसं त्याच चौकोनात बापाचं, नवऱ्याचं नावही घालतात. मशीनला ते चालत नाही. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यांनी लिहिलं आणि मशीनलाच चिकटवलं:

‘पहिल्या चौकोनात फक्त तुमचं नाव. बापाचं, नवऱ्याचं पुढच्यात. दोनदा चुकलं की थांबा. तिसऱ्यांदा दाबू नका. मला हाक मारा. वनमाला.’

रांग सरकायला लागली. मी वस्तीतला कार्यकर्ता. पुठ्ठ्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला: ‘लाखोंचं मशीन, अक्कल झाडूवालीची!’ अर्ध्या उपनगरात फिरला. छाती फुगली माझी.

चौथ्या दिवशी ठेकेदाराचा सुपरवायझर नितेश आला आणि त्याने पुठ्ठा फाडला.

“मावशी, मशीनवाल्यांची बेइज्जती झाली. उद्यापासून माहुलच्या गोदामात जायचं.”

मी त्याच्या अंगावर गेलो. “हात लावून दाखव पुठ्ठ्याला!”

“लावला ना! आता बोल.”

मावशी मध्ये पडल्या, पण उखडल्या माझ्यावरच. “फोटो टाकूच्या आदी माका इचारलंस काय रे? त्येका एक वाजता पेज कोण देतलो?”

वीस वर्षं माइकवर बोलतोय मी. विचारायची सवय कधी लागली नाही.

मग अर्ज दिले, साहेब गाठला, टेबलावर मूठ आपटली. बदली टळली नाही.

आता एक वाजता मीच जातो. पहिल्या दिवशी दत्तारामकाका वाकड्या ओठांनी म्हणाले, “आज मोर्चो माझ्या घराक इलो?” खाटेच्या वर भिंतीला पुठ्ठा होता, तेच अक्षर:

‘अर्धाच चमचा. गिळल्याशिवाय दुसरा नको. दोनदा ठसका लागला की थांबा. मला फोन करा.’

काल दोनदा ठसका लागला. थांबलो. फोन लावला. गोदामात रेंज नसते.

काकांच्या पाठीवर एक हात, दुसऱ्यात वाटी, तसाच बसून राहिलो.