काचेतल्या घागरी

पेपीमावशी त्या संग्रहालयात कधी पाय ठेवायची नाही. ज्या सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनाघरात, जन्म गेला, तिथंच आता तिकीट काढून जायचं म्हणजे काय थट्टा आहे? पण त्या शुक्रवारी दार उघडायच्या आधीच ती पायरीवर येऊन बसली. पहाटे तिची मैत्रीण मालविना वारली होती.

बुकोव्हिना प्रांतातल्या आमच्या गावात ज्यू बायका उरल्या होत्या या दोनच. चाळीस वर्षं दोघींनी मिळून गावातल्या प्रत्येक ज्यू बाईला शेवटची आंघोळ घातली. नऊ मापं पाणी, आणि धार मध्ये तुटता कामा नये. एक घागर संपायच्या आत दुसरी वाकवायची. तांब्याच्या दोन मोठ्या घागरी लोखंडी घोडीवर बसवलेल्या, नुसत्या कलत्या केल्या की झालं. एकटीलाही जमावं अशी सोय. संग्रहालयानं चार वर्षांपूर्वी त्या मागितल्या आणि या दोघी शहाण्यांनी देऊन टाकल्या. आता न्हाऊ घालायला राहिलंय कोण, असं मालविना म्हणाली आणि दोघी पोट धरून हसल्या. जसा काही अमरपट्टाच मिळाला होता बायांना!

तिकिटं देणारी आंका भली पोर. घागरी मिळाव्यात म्हणून तिनं जिल्ह्याच्या साहेबांना तीन फोन लावले. किल्ली त्यांच्याकडे, अर्जाशिवाय वस्तू हलत नाही, सोमवारी बघू. दफन मात्र शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा वार, लागायच्या आधी, म्हणजे आजच दिवस मावळायच्या आत. मावशी घागरींच्या काचेसमोर जाऊन उभी राहिली. खाली पाटी होती, 'वापर बंद झालेली भांडी'.

"मावशी, मी येऊ का हात लावायला?" आंकानं विचारलं.

"नको गं. आपल्याच बाईचा हात हवा, असं वचन घेऊन ठेवलंय तिनं माझ्याकडून. मेली हट्टी जन्माची."

दफनभूमीतल्या खोलीत मावशीनं घरची पातेली नेली. वय एकोणऐंशी. पहिलं पातेलं रितं झालं तरी दुसरं उचलवेना, धार तुटली. तुटली की पुन्हा पहिल्यापासून, अशी रीत. पुन्हा तुटली. तिसऱ्यांदा मनगटानंच दगा दिला आणि पातेलं फरशीवर आपटलं. बाहेर कबर खणणारे ऊन कलताना बघत ताटकळले होते. चौथ्यांदा सुरू करायला वेळच उरला नव्हता.

आंघोळ झाली की मयताची क्षमा मागायची असते. काही चुकलं असेल तर पोटात घाल, एवढंच. शेकडो वेळा म्हटलेलं, पण आज मावशीनं आधी टॉवेल उचलला. मयताच्या फळीला टेकून ती मालविनाचे ओले केस पुसत राहिली.

"तीनदा तुटली गं," ती शेवटी म्हणाली. "पण तुला निदान मी तरी होते."