मावशींच्या आठ ओळी

प्रयोगशाळेत बावीस वर्षं बाटल्या धुणाऱ्या मावशींनीच ती माती आणली होती. सगळीकडच्या गव्हावर तांबेरा रोग पडला, तरी बांधाकडेचा एक तुकडा हिरवागार राहिला, हे त्यांच्याच नजरेत भरलं. त्या मातीतले जिवाणू वाढवून संशोधक बाईंनी बियाण्याला चोळले आणि आठ ओळी पेरल्या. शेजारी आठ ओळी साध्या बियाण्याच्या. मग बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या.

साध्या ओळींवर तांबूस भुकटी दिसताच प्रयोगशाळेचे नवे अधिकारी फवारणीवाल्याला घेऊन आले. "सगळ्यावर औषध मारा!"

औषध मारलं असतं, तर जिवाणूंनी काही केलं की नाही ते कळलंच नसतं. मावशी पंपासमोर आडव्या आल्या. "चार दिवस थांबा साहेब. चुकले तर मला कामावरून काढा."

अधिकारी भडकले, पण थांबले. पाचव्या सकाळी फवारणीवाला पुन्हा आला, पण आधी मावशी आणि अधिकारी दोघांनी वाकून पानं मोजली. साध्या ओळींत दहातली आठ तांबारलेली, जिवाणूंच्या ओळींत तीन.

"रोग आहेच की," अधिकारी म्हणाले.

"आहे. पण आठ कुठे नि तीन कुठे!" म्हणत मावशींनी दोन्हीकडच्या ओळी दाखवल्या. अधिकाऱ्यांनी फवारणीवाल्याला माघारी पाठवलं आणि बाईंना फोन लावून तो मावशींच्या हातात दिला.