टँकरचा हॉर्न आणि निलंग्याच्या पोरी

परदेशात राहून आलं की लोक एकच विचारतात, "सिंह बघितला का?" झांबियात होते खरी, पण सिंह काही दिसला नाही. मला दिसला तो मोबाइलवरचा आमचा निलंगा, लातूर जिल्ह्यातला! तिथल्या एका युवा केंद्रात मी स्वयंसेवक म्हणून पोरापोरींना खो-खो शिकवत होते आणि जीव मात्र घरच्या टीमकडं लागलेला. असे किस्से साठतच गेले. आता मैत्रिणी जमल्या की एकावर कुणी थांबूच देत नाही.

त्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती. माझी धाकटी बहीण पल्लवी आमच्या जुन्या टीमची कॅप्टन होती. बारावी, म्हणजे तिचं शेवटचं वर्ष. लातूर शहराच्या टीमला आम्ही कधीच हरवलं नव्हतं. मी स्वतः जिल्ह्याची फायनल त्यांच्याशी हरून रडत घरी आले होते. पल्लवीला त्याचं उट्टं काढायचं होतं. मलाही, खोटं कशाला बोलू!

*

केंद्रात कॉम्प्युटर शिकवायला सुनील होता, केळीसाठी नावाजलेल्या अर्धापूरचा. नांदेड जिल्ह्याचा, त्यामुळे आमच्या टीमला नावं ठेवणं हा त्याचा हक्कच. तिथल्या बाजारात केळी दिसली की नाक मुरडायचा. "ह्याला केळं म्हणायचं? आमच्याकडं बकऱ्याबी खाणार न्हाईत!"

एकदा मी चिडून विचारलं, "निलंगा जिंकलं तर काय करशील?"

"हीच केळी अर्धापूरची म्हणून खाईन!"

एवढी मोठी पैज त्यानं आयुष्यात लावली नसेल.

*

आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर आठवड्याला उदगीर वेगळा जिल्हा व्हायचा. कुणी नकाशा टाकायचं, कुणी फटाके. संध्याकाळपर्यंत कळायचं की अफवा आहे. एकदा पल्लवीचा रडवेला फोन आला.

"अक्का, निलंगा उदगीर जिल्ह्यात गेला तर?"

"जाऊ दे की."

"जाऊ दे काय! मग लातूर आपल्या जिल्ह्यातच राहणार न्हाई. हरवायचं कुणाला?"

नवीन जिल्ह्याच्या चर्चेत हा मुद्दा कुणी मांडल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

*

खो-खोच्या मैदानावर पाणी मारावं लागतं, नाहीतर गुडघे सोलून निघतात. दुष्काळात पाणी कुठलं? पीटीच्या गायकवाड सरांनी प्रत्येकीला धुण्याचं उरलेलं पाणी आणायला सांगितलं. पल्लवीचा मेसेज आला, "अक्का, सूर मारला की अंगाला साबणाचा वास यायलाय. लातूरवाल्या इथं पडल्या तर धुऊनच निघतील!"

*

त्याच मैदानाच्या कडेला टँकर यायचा. त्याची वेळ कधीच ठरलेली नसायची. सकाळपासून घागरी रांगेत लावून ठेवायच्या. हॉर्न वाजला आणि घागरीजवळ माणूस नसलं की नंबर गेला! रांग वाढत वाढत मैदानात शिरली. हॉर्न वाजला की सराव सोडून अर्धी टीम घागरीकडं पळायची.

शेवटी गायकवाड सरांनी सगळ्या आयांपुढं हात जोडले. "घागरी तुमी सांभाळा, पोरी माझ्याकडं ऱ्हाऊ द्या." आणि पोरींना दम भरला, "हॉर्नकडं जी बघंल, ती टीमच्या बाहेर!"

आमच्या आईचे गुडघे दुखायचे. तरी ती पल्लवीच्या वाटणीची उभी राहिली. ते कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

*

पल्लवीनं सरावाचा व्हिडिओ पाठवला. पोरी घागरींच्या रांगेतून वाट काढत पळतायत. मी तो केंद्रातल्या पोरांना दाखवला. दुसऱ्या दिवशी मैदानावर गेले तर मधोमध पाण्याच्या पिवळ्या कॅनची लांबलचक रांग! मुटाले नावाची एक मुलगी होती, नियमांच्या बाबतीत माझ्यापेक्षा कडक. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मॅडम, इतके दिवस तुम्ही आम्हाला अर्धाच खेळ शिकवलात!"

*

फायनल निलंग्यातच होती, त्याच मैदानावर. पल्लवीच्या मैत्रिणीनं व्हिडिओ कॉल लावला. केंद्रातली सगळी पोरं माझ्या मोबाइलवर ओणवी झालेली. मागं सुनील उभा, हातात केळं. शेवटचा डाव. आम्हाला एक गुण जास्त, पाठलाग लातूरचा, आणि मैदानात आमची एकटी पल्लवी. ती बाद झाली तर बरोबरी, टिकली तर आम्ही जिंकलो. अर्धं मिनिट उरलं होतं.

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला.

प्रेक्षक पळाले. ते पळणारच! पण रांगेत बसलेल्या लातूरच्या आठही पोरी ताडकन उठल्या. बिचाऱ्यांचे कितीतरी महिने शहरात टँकरच्या रांगेतच गेलेले. घागरी तर त्यांनी सोबत आणल्यासुद्धा नव्हत्या! पल्लवीच्या मागं धावणाऱ्या पोरीनं खो द्यायला हात पुढं केला, तर समोर पाठच नाही!

पल्लवीनं हॉर्नकडं मान वळवली नाही. ती खांबाभोवती फिरत राहिली, वेळ संपल्याची शिट्टी होईपर्यंत. जिंकलो! मी पोरांच्या देखत हमसून हमसून रडले.

मुटाले मात्र भडकलेली. मोबाइलवर बोट आपटून विचारायला लागली, "खो मिळाल्याशिवाय त्या उठल्याच कशा? त्यांना खो दिला कुणी?"

सुनील केळं सोलत म्हणाला, "टँकरनं."